इंदूताईंची फिरती उशी

इंदूताईंची आणि माझी पहिली भेट शहाद्याला माझ्या कार्यालयात झाली आणि पहिल्याच भेटीत मी त्यांच्यावर चिडलो. वकिलाने अशिलावर चिडू नये, हे मान्य.

ताई परिचारिका. अशक्त बाळाला अंगावर पाजताना मानेला आधार मिळावा म्हणून त्यांनी उंच कडांची एक उशी शिवली आणि गावोगावच्या बायकांना शिकवली. बऱ्याच वर्षांनी एका कंपनीने तशाच उशीचं पेटंट घेतलं आणि ताईंच्या रनाळ्याच्या बचत गटाला नोटीस धाडली, शिवणं बंद करा.

उशी आधीपासून वापरात होती हे दाखवलं, तर पेटंट रद्द होऊ शकत होतं. मी एखादी जुनी उशी मागितली. एकही नव्हती. आपल्याकडे बाळ मोठं झालं की उशी पुढच्या घरी जाते आणि तिथली बाळंतीण खोळ नि कापूस दोन्ही बदलते. मी कपाळावर हात मारला. ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, उशी नही ऱ्हायनी, पन तिन्हावर वाढेल पोरे ते शेतस ना."

उशीवर वाढलेल्या त्या पोरांनाच साक्षीदार करून मी पेटंट रद्द व्हावं असा अर्ज केला. मधेच कंपनीचा निरोप आला. अर्ज मागे घ्या, तुमच्या गटाला शिवू देऊ. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असा सल्ला मी दिला. ताईंनी विचारलं, "आनि अक्कलकुवाकडल्या बाया?" त्यांना मुभा नव्हती. "मंग नको. उशी मन्ही एकलीनी नही शे." गटातल्या बायकांनीही मान डोलावली.

त्याच दिवसांत माझी आई अंथरुणाला खिळली होती. ताई ड्यूटी संपवून येत, आईचं अंग पुसून देत आणि खटल्याबद्दल चकार शब्द काढत नसत. ते उपकार मी विसरणार नाही.

सुनावणीत शेवटची साक्ष रनाळ्याच्या एका तरुणीची होती. कडेवर तान्हं बाळ. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, ही उशी तुम्हाला कधीपासून माहीत आहे? ती म्हणाली, "मन्ही मायनी माले तिन्हावर पाजेल शे. आते मी याले पाजस."

पेटंट रद्द झालं. मी फोनवर अभिनंदन केलं, तर ताईंचा एकच प्रश्न, "मंग आते सगळ्या बाया शिवतीन ना?" हो म्हटल्यावर पलीकडून फक्त हुंदका ऐकू आला. माझेही डोळे भरून आले.

ताईंनी आता साठी गाठली आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यात आमचा स्वार्थही आहे. कंपनी अपिलात जाणार असं ऐकतो, आणि ताईंशिवाय मला लढता यायचं नाही.