मधल्या ओळी

मुकुंद गेल्याचं त्याच्या बायकोने, शुभावहिनींनी, फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता हा कधीच कबूल करणार नाही... त्याला महिना झाला. लिहिताना लाज वाटते, पण आलं ते आलं.

हिंजवडीत आम्ही एकाच कंपनीत. तो प्रोग्रॅम लिहायचा, मी तपासायचो. अपेक्षित उत्तर आणि आलेलं उत्तर जुळलं की पास, पुढे चला! गणिताचं वेड मात्र दोघांनाही. शनिवारी त्याच्या कसबा पेठेतल्या घरी आम्ही होमोटॉपी टाइप थिअरी ही गणिताची नवी शाखा वाचत बसायचो. तिथे ‘हे आणि ते समान’ एवढ्यावर भागत नाही. कसं, तो रस्ता दाखवावा लागतो. आणि रस्ते दोन निघाले, तर ते दोन्ही एकच का, हेही. मला काही केल्या पटेना. मुकुंदने टेबलावर दोन सुतळ्यांची टोकं जुळवून मध्ये तांब्या ठेवला. “सरकव बघू ही त्या सुतळीवर. अडतंय ना? आता तांब्या उचल. जिथे असं काहीच आडवं येत नाही, कुठलेही दोन रस्ते एक होतात, तो संच. कळलं का रे?”

पुढे कंपनीतल्या अभ्यासवर्गात त्याने फळ्यावर एक सिद्धता मांडली. तीच सिद्धता मी माझ्या वहीत केली होती, आणि शेवटची ओळ हुबेहूब माझी! ती वही आधीचा आठवडाभर त्याच्याकडेच होती. आणखी काय पुरावा हवा? जिन्यात गाठून म्हणालो, “अभिनंदन. उतरवताना चुका नाही केल्यास.”

“अविनाश, मधल्या ओळी वाचल्यास का?”

वर तोंड करून मलाच विचारतोय! त्यानंतर सात वर्षं मी बोललो नाही. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. काहीतरी डाव असणार म्हणून मी उचलायचो नाही.

पंधरा दिवसांपूर्वी वहिनींनी त्याची वही दिली, सुतळीने बांधलेली. डाव्या पानावर माझी सिद्धता, वर माझं नाव. उजवीकडे त्याची. पहिल्यांदाच मधल्या ओळी वाचल्या. एकही जुळत नव्हती. तरी माझं मन बघा, नंतर लिहिलं असेल म्हणून मी पान उजेडात धरून शाई तपासली! वहिनी समोरच होत्या. “दिवाळीला तुम्हाला फोन लावायच्या आधी हेच पान काढून बसायचे,” एवढंच म्हणाल्या.

चुकलो रे मुकुंदा.

पानाच्या तळाशी त्याच्या अक्षरात आहे: ‘दोन्ही रस्ते एकच का? अविनाशला विचारायचं.’ खाली जागा कोरी सोडलेली. रोज संध्याकाळी सुतळी सोडून मी पेन घेऊन बसतो. अजून एक ओळही लिहिलेली नाही.