हललं की फुटलं

काचवाल्यांनी बायकोचं सोनं लाकडी पेटीत ठोकून मुलाकडे नेलं, ही बातमी त्यांचा ट्रक कोपऱ्यावर वळायच्या आत गल्लीभर झाली. पेटी चढवताना त्यांनी हमालांना बोटही लावू दिलं नव्हतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. इस्त्रीवाल्याच्या बायकोनं सांगता सांगता त्यात पदरचे दोन हारही घातले.

सोनं कसलं घेऊन बसलात? ते काकूंच्या आजारपणात केव्हाच गेलं होतं. पेटीत होता कॉम्प्युटर, तोही जुना. मुलगा नोकरीसाठी लांब गेला तेव्हा मागे टाकून गेलेला.

काचवाले म्हणजे खिडक्यांना, कपाटांना, दुकानांच्या दर्शनी बाजूला काचा बसवणारे गृहस्थ. माणूस बोलका, पण काकू त्यांच्या दोन पावलं पुढे. यांनी एक म्हणावं आणि त्यांनी त्याची दोन उत्तरं द्यावीत, असा संसार चालला होता. मग काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी गळा उघडला, जीव परत दिला आणि आवाज ठेवून घेतला.

पण गप्प बसतील तर त्या काकू कसल्या? त्यांनी मुलाच्या कॉम्प्युटरवरची धूळ झटकली, एका बोटानं टाइप करायला शिकल्या आणि भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं. त्या लिहायच्या, काचवाले चष्मा लावून वाचायचे आणि ओरडून उत्तर द्यायचे. काकूंचा आवाज गेला होता, कान चांगले ठणठणीत होते, तरी हे ओरडायचेच. त्यामुळे गल्लीला भांडणाची अर्धीच बाजू ऐकू यायची. "मी कधी म्हटलं तसं?" एवढं कानावर पडलं, की काकूंनी काय लिहिलं असेल यावर जिन्याजिन्यात चर्चा झडायची. कुणी साखर मागायच्या निमित्तानं आत डोकावलं, की काकू झटकन कॉम्प्युटरचा पडदाच बंद करायच्या. साखर मात्र द्यायच्या.

सगळं त्या मशीनमध्ये साठत गेलं. 'भाजी चांगली झालीय म्हणू नका, खाऊन दाखवा.' 'बहिणीला फोन करा, फुगून बसू नका.' 'डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांगा. तुमचं तोंड पाहून कळलंय, तरी सांगा.' हे शेवटचं वाक्य वाचून काचवाल्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी गल्लीला काही ऐकू आलं नाही.

काकू गेल्या. काचवाले रोज कामावरून आले, की मशीन सुरू करायचे, एखादं पान वाचायचे आणि उत्तर द्यायचे. भांडणं जुनीच, उत्तरं नवी. कधी कधी तर त्यांनी सपशेल माघार घेतलेली ऐकू यायची. काकूंच्या हयातीत हे कुणाच्या कानावर आलं नव्हतं.

पुढे हात थरथरू लागला. थरथरत्या हातात काच कोण देणार? मुलगा म्हणाला, पुरे झालं, आता इकडे या. मुलाचं शहर इतकं लांब, की ट्रकला दोन रात्री लागायच्या. काचवाल्यांनी भांडी वाटली, कपाट विकलं, खाटसुद्धा देऊन टाकली. फक्त कॉम्प्युटर देणार नाही म्हणाले.

मुलानं फोनवर परोपरीनं समजावलं. आईचं सगळं लिहिणं आतल्या हार्डडिस्कवर आहे, छोटी चपटी डबी असते ती. दुकानातला माणूस बोलवा, ती काढून घ्या, कपड्यांत गुंडाळून पिशवीत ठेवा आणि पिशवी मांडीवर. जमलं तर आधी सगळ्याची एक नक्कल करून घ्या. बाकीच्या लोखंडी डब्याचं काय वाट्टेल ते होऊ दे. काचवाले हो हो म्हणाले. दुकानातला माणूस आलाही. पण त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला मात्र, काचवाल्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

इस्त्रीवाल्यानं विचारलं, अहो, एवढं बोलावून त्याला परत का पाठवलंत? तर म्हणाले, "एकदा उघडलं तेव्हा आवाज गेला. आता दुसऱ्यांदा उघडू द्यायचं नाही."

इस्त्रीवाला एरवी कुणाला सोडणारा नव्हे. त्यानं मान खाली घातली आणि समोरचा सदरा पुन्हा एकदा इस्त्री केला.

मग काचवाल्यांनी आपल्या हातानं सामान बांधलं. जन्मभर त्यांनी लांबलांबच्या गावांना काचा पाठवल्या होत्या, एकीला तडा गेला नव्हता. त्यांचा मंत्र एकच, हललं की फुटलं. त्यांनी फळ्यांची पेटी केली, आत लोखंडी डबा आणि मॉनिटर उभे बसवले, चहूबाजूंनी लाकडी पाचरी सारल्या आणि हातोडीनं हलके हलके ठोकत केसाएवढीही फट राहू दिली नाही. गादी नाही, उशी नाही. मऊ घातलं की वस्तूला खेळ राहतो, आणि खेळ राहिला की तडा ठरलेला. पेटी ट्रकच्या तळाशी दोरांनी आवळली आणि दोन्ही हातांनी हलवून पाहिली. ट्रक हलला, पेटी हलली नाही.

इस्त्रीवाल्याच्या बायकोनं तेवढ्यात विचारून घेतलं, काकूंचं आहे ना हो आत? काचवाले म्हणाले, हो, तिचंच आहे. झालं, सोन्याचा जन्म तिथं झाला.

पुढचं त्यांच्या सुनेनं गल्लीत फोन करून कळवलं. सासऱ्यांनी पोचल्यावर पाणीसुद्धा न घेता पाचरी काढल्या. मॉनिटरवर ओरखडा नाही, डब्याला पोचा नाही. बटण दाबलं, दिवा लागला. आतून टक् टक् ऐकू येऊ लागलं, एका बोटानं टाइप केल्यासारखं, आणि सासऱ्यांचा चेहरा क्षणभर उजळला. पडद्यावर मात्र काहीच उमटलं नाही.

मुलगा ते मशीन घेऊन दुकानं फिरला. बापही बरोबर. शेवटी ती डबी उघडावी लागलीच. कारागिरानं पाहिलं आणि मान हलवली. एवढं आवळून बांधलंत, म्हणाला, की रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट आत पोचला. गादीत गुंडाळून जरा हलू दिलं असतं, तर धक्के गादीनं खाल्ले असते. आता यातून एक अक्षर निघायचं नाही.

मी घट्ट बांधलं म्हणून गेलं का, एवढंच काचवाल्यांनी विचारलं. कारागीर भला माणूस, तो लगेच रस्त्यांना शिव्या देऊ लागला. पण काचवाल्यांना उत्तर मिळालं होतं. ते घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. जेवायला उठवलं की उठायचे, ताटात हात फिरवायचे आणि परत निजायचे.

मुलाला बघवेना. एके दिवशी तो नवा कॉम्प्युटर घेऊन त्यांच्या उशाशी बसला. म्हणाला, बाबा, आईचं एकेक वाक्य तुम्हाला तोंडपाठ आहे. तुम्ही सांगत जा, मी टाइप करत जातो. सगळं होतं तसं उभं करू.

काचवाले या कुशीवर वळले आणि म्हणाले, "सांगेन रे, पण माझ्या आठवणीतली तुझी आई माझ्याच मनासारखं बोलते. मला उलटून बोलायची ती त्या डब्यात होती."