डावीकडून गेलेली शीर

डॉक्टरांनी सुनंदाच्या सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पेनाचं टोक एका करड्या ठिपक्यावर टेकवलं.

"पोटातली ही मोठी शीर. बहुतेकांची मणक्याच्या उजव्या बाजूनं वर जाते, यांची डावीकडून गेलीय. जन्मापासूनच. त्यानं काही बिघडत नाही, फक्त ऑपरेशन करताना आम्हाला ठाऊक हवं."

"बघा," सुनंदा मला म्हणाली, "तुम्ही म्हणताच, हिचं सगळं उलटं!"

मला हसू आलं नाही. तीस वर्षांच्या संसारात हिला कुठल्या कुशीवर झोप लागते तेही मला पाठ झालेलं. आणि ही एवढी मोठी शीर कुणाला न विचारता भलत्याच बाजूनं चालली होती, रक्त मात्र बिनचूक हृदयापर्यंत पोचवत होती. दोन बाळंतपणं झाली, पाण्याच्या कळश्या वाहून झाल्या, त्या शिरेनं कधी कुरकुर केली नाही. म्हणजे पुस्तकातल्यासारखं नसूनही शरीर निभावून नेतं. 'काही बिघडत नाही' हे तीन शब्द मी घट्ट धरून बसलो.

फिल्मवर आणखी एक डाग होता, मूत्रपिंडावरचा. आम्ही आलो होतो ते त्याच्यासाठीच. डॉक्टरांचं पेन काही तिकडे सरकेना. शेवटी मीच त्यावर बोट ठेवलं.

"डॉक्टर, ही गाठसुद्धा जन्मापासूनचीच असेल का हो?"

त्यांनी पेन खिशाला लावलं. सुनंदानं माझं बोट फिल्मवरून हळूच काढलं आणि आपल्या मुठीत धरून ठेवलं.