एका शिंगाची म्हैस आणि माणिकप्पाचा फोन

म्हैस मी काढली. हे आधीच सांगून टाकतो, कारण लातुरात आजबी लोक म्हणतात, माणिकप्पानं काढली. अरे, माणिकप्पाला साधी सरळ रेघ ओढता येत नव्हती! तो मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम, अन् त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रंगाचं काम माझं. सटवाजी पेंटर. गंजगोलाईच्या मागच्या बोळात आमची दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. माझी तर चंगळच चालली होती. रोज नवीन पाटी, जिल्हा हे अन् जिल्हा ते. 'जिल्हा' लिहून लिहून माझं मनगट दुखायचं. त्यात पावसानं दडी मारली. विहिरी तळाला गेल्या, मोटारी कोरड्या फिरून जळायला लागल्या. म्हणजे माणिकप्पाला जेवायला फुरसत मिळायला नको होती. पण गिऱ्हाईक बोळात शिरेल तर ना! ते जायचं मेन रोडवरच्या दुकानात. उदगीरहून त्याच्या सासऱ्याचा निरोप आला, "दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर ठीक, न्हाईतर गाशा गुंडाळा अन् माझ्या किराण्यात पुड्या बांधायला या." तेव्हापासून माणिकप्पाला कागदाची पुडी दिसली तरी घाम फुटायचा.

शेवटचा उपाय म्हणून त्यानं फोन घेतला. विहिरीवरून मोटार उपसून, बैलगाडीत घालून शहरात आणायची म्हणजे शेतकऱ्याचा दिवस जातो. त्यापेक्षा त्यानं गावच्या पोस्टातून नाहीतर आडतीवरून फोन करावा अन् आपणच गाडीला किक मारून जावं, असा त्याचा हिशोब. नंबर मिळाला ४२१४. माणिकप्पा कपाळाला हात लावून बसला. "सटवाजी, ह्यो काय नंबर हाय? ना पुढून सोपा, ना मागून. लोकांच्या ध्यानात काय राहील, माझं कपाळ?"

त्याची बायको शिवकांता तिथंच भाकरीचं फडकं सोडून बसली होती. बाई शाळेत दोनच वर्षं गेलेली, पण डोकं लई चलाख. ती म्हणाली, "अवघड काय हाय त्यात? पाय चार, शिंगं दोन, शेपूट एक, सडं चार. म्हैस तर हाय."

आम्ही दोघांनी बोटांवर मोजून बघितलं. मग माणिकप्पा असा हसत सुटला की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला!

मी दुकानाच्या भिंतीवर म्हैस काढली. हत्तीएवढी. काळीभोर, कपाळावर चांदणी, अंगावर असं तेज की माशी बसायला धजणार नाही. खाली लिहिलं, 'मोटार जळली? म्हैस मोजा, फोन करा.' पुढचं काय सांगू! मेन रोडवाल्यानं त्याचा नंबर माझ्याकडूनच हातभर आकड्यांत रंगवून घेतला होता, पण तो कोणाच्या बापाच्या ध्यानात राहत नव्हता. ज्याचा ऊस डोळ्यांदेखत वाळून चाललाय, तो माणूस चिठ्ठी शोधत बसत नसतो. आकडा डोक्यातून जातो, म्हैस जात न्हाई. ज्यांना अक्षर येत नव्हतं तेबी पोस्टमास्तरला म्हणायचे, "लावा, पाय चार!" दिवाळीला सासरा स्वतः आला, फोन सात वेळा खणखणलेला ऐकला अन् पुडीचं नावसुद्धा न काढता करंज्या खाऊन गेला.

अन् मग दुष्काळात तेरावा महिना तसा एक सरकारी साहेब आला.

जीप बोळात शिरेना, म्हणून चालत आला, त्यामुळं आणखीच तापलेला. "माणिकप्पा कोण? माझ्या बंगल्यावर महिनाभर फोन येतायत. मोटार जळली, लवकर या! पहाटे मोटार जळली, जेवताना मोटार जळली! आठ दिवसांत हा नंबर बदला, नाहीतर मी बदलायला लावतो."

माणिकप्पा पांढरा पडला. नंबर गेला म्हणजे म्हैस गेली, अन् म्हैस गेली म्हणजे उदगीर. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, माझा नंबर ४२१४ हाय. तुमचा?"

"४११४."

कोणाला काही कळेना. तेवढ्यात औशाकडचा एक शेतकरी मोटार न्यायला आलेला होता, तो पुढं झाला. "मीबी परवा तुमच्याकडंच लावला होता, साहेब. भिंतीवर बघूनच लावला. हे बघा, पाय चार, शिंग एक..."

सगळ्या बोळानं भिंतीकडं बघितलं. मग सगळ्या बोळानं माझ्याकडं बघितलं.

आता खरं सांगतो, मी म्हैस बाजूनं काढली होती. खरी म्हैस बाजूनं बघा, एकच शिंग दिसतं, दुसरं त्याच्या मागं झाकतं. सडं चार दाखवायला मी आधीच माझ्या कलेशी लई बेइमानी केली होती. मी ओरडलो, "दुसरं शिंग मागं हाय!"

"मागं आहे तर पुढं आणा," साहेब म्हणाला. "उद्याच्या उद्या."

मी रात्रभर धुसफुसत राहिलो. दोन शिंगं काढली तर ती म्हैस दिसेल का कुत्र्याचे कान लावलेली पेटी? पण माणिकप्पाचं तोंड बघवेना. सकाळी शिडी लावली, ब्रश काळ्या रंगात बुडवला, अन् बोळाच्या तोंडाशी रिक्षा थांबली.

नऊवारी लुगड्यातली एक म्हातारी उतरली, काठी आपटत आली अन् शिडीखाली उभी राहून म्हणाली, "ए पेंटर, खाली उतर. शिंगाला हात लावशील तर बघ!"

मी वरूनच विचारलं, "माय, तुमी कोण?"

"मी चतुराबाई. त्या साहेबाची आई."

माणिकप्पानं धावत जाऊन स्टूल पुसून दिलं. म्हातारी बसली, पाणी प्याली अन् तिनं सांगायला सुरुवात केली. ती नायगावकडची, जन्म सगळा शेतात गेलेला. नवा जिल्हा झाला, लेकाला बंगला मिळाला, लेकानं आईला आणलं. "बंगल्यात काय हाय? भिंती हायत. लेक हापिसात, सून भिशीत. दिवसभर माझ्याशी बोलतं कोण? हे तुझे चुकलेले लोक बोलतात! एकाची मोटार जळते, एकाची म्हैस आटली. मी विचारते, बाबा, तिकडं आभाळ हाय का? ते मला विचारतात, माय, तुमच्या गावाकडं हाय का? मग मी सांगते, लेकरा, शिंग दोन मोज, म्हंजे माणिकप्पाला लागंल. एकालाबी मी वाऱ्यावर सोडलं न्हाई."

माणिकप्पा माझ्याकडं बघायला लागला. चुकलेलं एकही गिऱ्हाईक मेन रोडला गेलं नव्हतं ते का, हे आम्हाला तेव्हा उमगलं.

"पण साहेब..." तो अडखळला.

"त्याला मी बघते. त्याचे कान अजून माझ्याच हातात हायत," म्हातारी म्हणाली. मी शिडी उतरलो, अन् खोटं कशाला बोलू, त्या आनंदात ब्रश हवेत असा फिरवला की शिंप्याच्या पांढऱ्या कापडावर काळे थेंब उडाले. त्याचं भांडण पुढं महिनाभर चाललं.

दोन वर्षं असंच चाललं. माणिकप्पानं दुसरी गाडी घेतली. दर सोमवारी शिवकांता बंगल्यावर डबा द्यायची अन् कोणाकोणाचे फोन आले त्याच्या गप्पा ऐकून यायची.

मग एका सकाळी बोळाच्या तोंडाशी जीप थांबली. चतुराबाई उतरली. साहेबाची परभणीला बदली झाली होती, सामान पुढं गेलं होतं. साहेब जीपमध्येच बसून होता. म्हातारी माझ्या दुकानापुढं आली.

"सटवाजी, ब्रश घे. दुसरं शिंग काढ."

मी म्हणलो, "माय, तुमीच तर..."

"तवा फोन उचलायला मी होते. आता तिथं कोण येईल, कसा येईल, काय माहीत. लोकांच्या मोटारी जळलेल्या राहतील. काढ बाबा."

मी शिडीवर चढलो. डोळ्यांत पाणी येत होतं, त्यामुळं शिंग जरा वाकडंच झालं. ती खालून काठीनं एकेक मोजत होती. चार, दोन, एक, चार. मोजून झाल्यावर "बराबर हाय," म्हणाली अन् जीपकडं गेली.

पंधरा दिवसांनी फोन वाजला. परभणीवरून ट्रंक कॉल. माणिकप्पानं उचलला अन् उभाच राहिला.

"मोटार जळली न्हाई बाबा कोणाची," आवाज आला. "उगंच लावला. नंबर कुठं लिहिलेला नव्हता, पण ध्यानात होता. म्हैस कशी हाय?"

त्यानं फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणलो, "दोन शिंगांची झाली, माय. पण पहिल्यासारखी न्हाई राहिली."