साडूने आणलेला बेसबॉल

सात वर्षं माझ्या सासुरवाडीला मी एकटाच जावई होतो, आणि ही व्यवस्था सर्वांना पसंत आहे अशी माझी समजूत होती.

पेणहून मी रोह्याजवळच्या त्या घरी पोचलो की सासरे स्वतः फाटकापर्यंत यायचे. पंगतीत पहिलं पान माझं. कोंबडीची तंगडी माझी. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि नितीन नावाचा साडू माझ्या राज्यात घुसला! त्यात त्याला त्याच्या कंपनीने सहा महिने अमेरिकेला पाठवलं. (मला माझ्या कंपनीने सहा महिने नाईट शिफ्टला पाठवलं होतं. ते कोणी विचारत नाही.)

तो परतला तो बेसबॉलची बॅट, चेंडू आणि चामड्याचा भलामोठा हातमोजा घेऊन. त्या दुपारी सासऱ्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून पोपटीचा बेत केला होता. भात कापून मोकळ्या झालेल्या शेताच्या कोपऱ्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी आणि भांबुर्डीचा पाला भरलेलं मडकं उपडं घातलं आणि भोवती जाळ केला.

"शिजेपर्यंत खेळू या का?" साडू म्हणाला.

"व्हय, व्हय! शिकवा आमाला, जावईबापू!" सासरे म्हणाले.

जावईबापू! माझं हक्काचं नाव, माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला! माझ्या पोटात त्या मडक्याच्या आधी जाळ लागला.

साडूने चार गोणपाटं चौकोनात अंथरली आणि मातीत दोन रेघा ओढल्या. "हे घर. इथे उभं राहून मारायचं. तीनदा हुकलं की आऊट, झेल गेला की आऊट. चेंडू या दोन रेघांच्या आत पाहिजे, मागे गेला तर फाऊल. नीट लागला की बॅट टाकून पहिल्या गोणपाटाकडे पळायचं. मग दुसरं, तिसरं, आणि परत घरी आलं की एक रन."

"येवढं पळून येकच?" सासूबाई हळहळल्या.

सासरे अंपायर झाले. साडूने पहिलाच चेंडू उंच मारला आणि चुलत मेहुण्याने तो झेलला. सगळे सासऱ्यांकडे बघू लागले.

"आऊट नाय," सासरे म्हणाले. "आपल्याच शेतात जावयाला आऊट द्यायचा? लोक काय म्हणतील?"

"नाही बाबा, मी आऊटच," असं म्हणून साडू हसत बाजूला झाला.

"किती मोठ्या मनाचा!" सासूबाई म्हणाल्या. आणि टाळ्या कोणी वाजवाव्यात? माझ्या बायकोने! वंदनाने! मी पेणच्या मैदानात पन्नास काढले तेव्हा ही स्वेटर विणत होती!

आता इज्जतीचा प्रश्न होता. मी बॅट घेतली. पहिला चेंडू मी मनगट वळवून अलगद मागे काढला. या फटक्यासाठी पेणमध्ये लोक चहा पाजायचे.

"फाऊल," साडू म्हणाला.

दुसरा मी जोरात मारला आणि सवयीप्रमाणे बॅट घेऊन पळालो. गोणपाटात बॅट टेकवली. "पोचलो!"

"दादा, चेंडू आधी आला. आणि बॅट टाकायची हो!"

"परत खेळा," सासऱ्यांनी निकाल दिला. "आमच्या जावयाला रीत ठाऊक नाय, त्याला तो काय करील!"

म्हणजे त्याचं मोठं मन आणि माझं अडाणीपण! मी दातओठ खाल्ले. यावेळी बॅट अशी टाकीन की अमेरिकेत आवाज गेला पाहिजे! चेंडू आला. मी डोळे मिटून हाणला आणि बॅट जिवाच्या आकांताने मागे भिरकावली.

खळ्ळ!

मी पहिलं गोणपाट गाठलं, दुसरं गाठलं, तिसरं ओलांडलं. कोणी अडवत नव्हतं. घरी पोचून दोन्ही हात वर केले, तेव्हा दिसलं की सगळे जाळाभोवती जमलेत. मडक्याचे चार तुकडे झाले होते आणि कोंबडी राखेत पडली होती.

"आऊट!" सासरे कडाडले. "परकाश, मेल्या, डोळे फुटले काय तुझे? उभा काय ऱ्हातोस? जा, वाल तोडून आण! आनि येताना लाकडं घेऊन ये!"

परकाश! मेल्या! सात वर्षांत पहिल्यांदा! मी वालात बसून शेंगा तोडू लागलो. समोर बांधावर साडूसाठी सतरंजी अंथरली जात होती.

वंदना मागून आली. तिचे डोळे भरून आले होते.

"अहो, बाबा असे फक्त आपल्या माणसांवर ओरडतात. त्यांनी तुम्हाला घरचं मानलं हो! लेक मानलं!"

मी सतरंजीवरच्या साडूकडे पाहिलं. सासूबाई त्याला राखेतून वाचलेली एकुलती एक तंगडी वाढत होत्या.

"वंदे," मी म्हणालो, "बाबांना सांग गो, मला परकाच ठेवा!"