विहिरीची वाटणी

शेताची वाटणी झाली तेव्हा वावरं दोन झाली, विहीर मात्र एकच राहिली. आमचं गाव कन्हान नदीच्या पलीकडे. मी शाळेसाठी शहरात, सदरला मावशीकडे राहायची आणि सुट्टीत घरी यायची. एक दिवस मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, पाणी घ्यायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही. तेव्हा दोन्हीकडे बैलांची मोट होती. दुपारपर्यंत बैल थकत, त्यांना सोडावं लागे, आणि तेवढ्या वेळात विहीर पुन्हा भरून येई. आमची वाटणी बैलांच्या थकण्यावर चालली होती. हे कुणी कधी बोललं नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

गावात यंत्राची बाजू घेणारे एकटे बाबा. रेडिओवर शेतीचा कार्यक्रम ऐकायचे आणि संध्याकाळी पारावर बसून मोटरपंपाचे गुण सांगायचे. मोठेबाबा त्यांची टर उडवायचे.

"बैल शेण तरी देते. तुही मोटर काय देते गा?"

लोक हसत. बाबाही हसत. आम्हाला पंप परवडणारा नव्हता; होतं ते सगळं संत्र्याच्या कलमांत घातलं होतं. कलमं पहिल्या बहाराला आली होती. आई त्यांच्याकडे बघत माझ्या कॉलेजचं बोलायची.

आणि मोटर आणली ती मोठेबाबांनीच. कुणाला न सांगता, बैलगाडीत घालून. विहिरीवर गर्दी जमली. त्यांनी मला हाक मारली.

"इकडं ये वं, इंग्रजी शाळा. ह्या पत्र्यावर काय लिहून हाये?"

 मी हळूच वाचलं आणि अर्थ सांगितला, न थांबता चालेल अशी आहे.

"आयकलं काय? न थांबता!" मोठेबाबांनी नारळ फोडला. खोबरं बाबांनी वाटलं. त्यांना तो आपलाच विजय वाटत होता.

त्या उन्हाळ्यात मोठेबाबांच्या दिवशी मोटर विहिरीचा तळ दिसेपर्यंत चाले. आमच्या दिवशी बैल मोट ओढत, वर अर्धा चिखल येई. कलमांवरची सुपारीएवढी फळं गळू लागली. आई घरच्या हंड्यातलं पाणी झाडांना घालू लागली.

शेवटी बाबा मला घेऊन मोठेबाबांकडे गेले.

"दादा, जरा बेतानं चालवा. आमच्या दिवशी पाणीच नाई राहत."

"तुह्या दिवशी म्या विहिरीले हात लावला काय कधी?"

"नाई."

"मंग? पाळी तं पाळूनच राहिलो ना गा. अन् मोटर घ्या, मोटर घ्या म्हणून माह्या जिवाले कोण लागला होता?"

"चहा घेऊन जा जी, भाऊजी," मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, आतून म्हणाली.

आम्ही चहा घेतला. बाबांच्या तोंडाकडे मला बघवेना, म्हणून मी कपावरची साय बोटाने बाजूला करत बसले.

पाऊस यायच्या आत कलमं वाळली. आईने कॉलेजचं नाव काढणं बंद केलं. बाबा झाडं तोडायला गेले त्या सकाळी मोठेबाबा आपली कुऱ्हाड घेऊन बांध ओलांडून आले.

"एकटा काहून तोडून राहिला? मले सांगाचं होतं ना."

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तेच मला आजही सहन होत नाही. दोघे भाऊ शेजारी उभे राहून तोडत होते. मधेच मोठेबाबांनी बाबांच्या हातातला काटा काढून दिला. आईने दोघांना भाकर वाढली.

तेवढ्यात गावातली पिठाची चक्की सुरू झाल्याचा आवाज आला. म्हणजे लाइट आली होती. मोठेबाबांनी कुऱ्हाड बुंध्यात तशीच रोवून ठेवली आणि धोतराला हात पुसले.

"तेवढी मोटर चालू करून येतो गा," ते म्हणाले. "आज माही पाळी हाये."

बाबा "हो" म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे वळले.