वाऱ्याकडे बघणारे गिरणीवाले

नंदुरबारला आमच्या गल्लीत त्यांची मिरची कांडायची गिरणी आहे. ती सुरू झाली की अख्खी गल्ली शिंकते. त्यांच्या मात्र भुवयासुद्धा लाल असतात, तरी त्यांना खोकताना मी कधी पाहिलेलं नाही.

समोरच्या बाईंना दमा आहे. हवेतून पूड घरात येते म्हणून त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली. यांनी गिरणीच्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या, पण तेव्हापासून दोघांचं बोलणं थांबलं.

परवा मी मसाला कांडायला गेलो, तर लग्नसराईची गर्दी. एकाएकी त्यांनी गिरणी बंद केली आणि दारात जाऊन चिमूटभर राख उडवली.

"वारा तिना घरकडे शे. थांबा जरासं."

"भाऊ, घरमा लगीन शे!" एक गिऱ्हाईक ओरडलं.

"तिले दम लागी."

कुरकुरत दोघं दुसऱ्या गिरणीवर निघून गेले. हे राख उडवत उभेच.

बऱ्याच वेळाने समोरची खिडकी किलकिली झाली. "वारा फिरना, भाऊ. करा चालू," बाई म्हणाल्या.

गिरणीवाल्यांना स्पष्ट ऐकू गेलं होतं, तरी ते माझ्याकडे वळले.

"काय म्हणनी ती?"